नाल्याकाठचे गणित

साथींच्या गणितातला सर्वांत प्रसिद्ध आलेख मुंबईचा आहे, हे गणित शिकवणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसते. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याचे आकडे घेऊन केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. आज कोणतीही साथ, मग ती माणसांतली असो वा जनावरांतली, गणितात मांडायची म्हटली की सुरुवात त्या निबंधापासूनच होते. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, काही काळ कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ; १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, म्हणजे हा निबंध लिहिला गेला तेव्हा त्यातला मुंबईचा आलेख त्यांना दिसत नव्हता.

त्या निबंधातल्या एका कबुलीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आम्ही धरून चालतो आहोत, असे ते दोघे स्पष्ट सांगतात. मोजली जात होती माणसे आणि रोग फिरत होता उंदरांत, हे त्यांना पुरते माहीत होते. आलेखावर ठिपके मात्र माणसांच्या मृत्यूंचेच पडले.

हा उंदरांचा मुद्दा माझ्या मनातून जात नाही, त्याला कारण डुकरे. मी परभणीत संख्याशास्त्र शिकवतो आणि माझा एक मित्र पशुवैद्यक आहे. आमच्या संध्याकाळच्या चहाच्या गप्पांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा विषय शिरला तो पुन्हा बाहेर पडला नाही. १९२१ मध्ये माँटगोमेरी यांनी केनियात या रोगाचे पहिले वर्णन केले. तिथल्या रानटी वॉर्टहॉग डुकरांत आणि त्यांच्या बिळांतल्या गोचिडांत हा विषाणू फारसा गाजावाजा न करता नांदतो. पाळीव डुकरांत शिरला की तीव्र स्वरूपात जवळपास सगळी दगावतात. १९५७ मध्ये तो लिस्बनला पोहोचला, २००७ मध्ये जॉर्जिया या देशात, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात, आणि जुलै २०२२ मध्ये केरळातल्या वायनाडमध्ये. माणसाला हा रोग होत नाही. पण खारवलेल्या किंवा गोठवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन् महिने टिकतो, आणि म्हणूनच तो एवढ्या लांबच्या उड्या मारतो: ज्या अंतरावर एकही आजारी डुक्कर चालत जाऊ शकत नाही, तिथे तो माणसाच्या पिशवीतून जातो.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे आहेत आणि त्यांतली २१ लाख एकट्या आसामात. त्या हिशेबात मराठवाडा कुठेच बसत नाही. आपल्याकडे डुकरे पाळणारी कुटुंबे बहुतेक कैकाडी, वडार अशा समाजांतली. त्यांची वस्ती गावाच्या कडेला आणि त्यांची डुकरे गावभर. वर्तमानपत्रात या जनावराची बातमी येते ती ‘मोकाट डुकरांचा उच्छाद’ एवढ्याच मथळ्याखाली. ज्याच्या घरची पोरे त्या डुकराच्या पैशावर शाळेत जातात त्याला ते मोकाट वाटत नसते, ही बाब त्या मथळ्यात मावत नाही.

आता समीकरणाकडे. केरमॅक-मॅकेंड्रिक पद्धतीत कळपाचे तीन गट पाडायचे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून हिशेबाबाहेर गेले ते. पहिल्या गटातून दुसऱ्यात जाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, आजारी आणि निरोगी यांची गाठ किती वेळा पडते आणि पडली तर रोग लागण्याची शक्यता किती. या दोन्ही गोष्टी मिळून एक अक्षर होते, बीटा. एक आजारी जनावर आपल्या आजारपणात सरासरी किती नवी जनावरे आजारी पाडते, त्या आकड्याला आर-शून्य म्हणतात. तो एकाहून कमी असेल तर साथ विझते, जास्त असेल तर पेटू शकते. आर-शून्य २ असेल आणि कोणी काहीच केले नाही, तर शेवटी कळपातल्या सुमारे ८० टक्के जनावरांना रोग गाठतो; ५ असेल तर ९९ टक्क्यांहून अधिकांना. रोगाला खात्रीची लस हाताशी असेल तर पहिला गटच आटवता येतो. या रोगावर आपल्या देशात तशी लस वापरात नाही, त्यामुळे सगळा भार गाठीभेटी कमी करण्यावर येतो. आर-शून्य ३ असेल तर गाठी दोन-तृतीयांशांहून अधिक तोडाव्या लागतात, तेव्हा कुठे साथ उतरणीला लागते.

विद्यार्थ्यांना मी इथे एक गोष्ट मुद्दाम करून दाखवतो. संगणकावर तेच मॉडेल, तेच आकडे, सुरुवातीला एकच आजारी डुक्कर, आणि प्रत्येक गाठभेटीचा निकाल नशिबावर सोडलेला. आर-शून्य २ असूनही साधारण निम्म्या खेपांना साथ उभीच राहत नाही. पहिले डुक्कर कोणाला रोग देण्याआधीच मरते, किंवा दोघा-चौघांवर प्रकरण मिटते. उरलेल्या निम्म्या खेपांत कळपातल्या बहुतेक डुकरांना रोग गाठतो. ‘अमुक गावात रोग शिरला होता, काही झाले नाही’ या अनुभवावरून निर्धास्त होणे किती धोक्याचे आहे, ते तो पडदा पाहिल्यावर कोणालाही सांगावे लागत नाही.

अडचण सुरू होते ती बीटाला आकडा देताना. पाश्चात्त्य देशांतली बहुतेक मॉडेले बंदिस्त फार्म गृहीत धरतात: भिंत, फाटक, आत ठराविक जनावरे, कोणत्या तारखेला कुठून कुठे नेली त्याची नोंद. नोंद असली की फार्म म्हणजे बिंदू, वाहतूक म्हणजे रेषा, आणि जाळे तयार. परभणीतल्या एखाद्या नाल्यावर हे जाळे काढायला बसलो तेव्हा विद्यार्थ्यांना वाटले होते की सगळी डुकरे सगळ्यांत मिसळत असणार, एकच मोठा घोळका. तसे नव्हते. एका म्हाताऱ्या पाळणाऱ्याने, ज्याला सगळी वस्ती मामा म्हणते, नाल्याच्या पुलावर उभे राहून आम्हाला सीमा दाखवल्या. पलीकडच्या पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या भिंतीपर्यंतची डुकरे त्याची, भिंतीपासून पुढे मेहुण्याची. आम्हाला ती सारखीच काळी दिसत होती. त्याने तोंडाने एक आवाज काढला, तशी टाकीकडची तेवढीच डुकरे माना वर करून निघाली आणि भिंतीपलीकडची जागची हलली नाहीत. जवळ आल्यावर कानाला दिलेला काप दिसला, प्रत्येक मालकाचा वेगळा: कोणाचा टोकाला, कोणाचा मध्यावर, कोणाचा दोन्ही कानांना.

“एकमेकांत जात न्हाईत का, मामा?” एका मुलीने विचारले.

“जातेत की. उन्हाळ्यात पानी आटलं की एकाच डबक्यात लोळतेत समदी. आन् लग्नं लागली की त्या तिकडं कार्यालयामागं. तिथं मग कुनाचं काय ऱ्हातंय?”

या चार वाक्यांत एका प्रकरणाचा मजकूर होता. गाठीभेटींचा दर वर्षभर एकसारखा नाही. चैत्र-वैशाखात पाणी एका डबक्यावर आले की तो चढतो, लग्नसराईत मंगल कार्यालयामागच्या पत्रावळींच्या ढिगाऱ्यावर चढतो, आणि पावसाळ्यात जागोजागी पाणी आणि चारा झाला की उतरतो. शिवाय डुकरांची संख्या दुप्पट झाली म्हणून गाठी दुप्पट होत नाहीत, कारण प्रत्येक कळप आपल्या हद्दीतच फिरतो. गर्दीवर अवलंबून असणारा प्रसार आणि गर्दीवर अवलंबून नसणारा प्रसार, अशी दोन वेगळी सूत्रे पुस्तकात असतात आणि कोणते वापरायचे यावर मोठे वाद चालतात. मामांच्या नाल्यावर दोन्ही लागू होतात, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत.

परदेशी आकडे इथे तसेच उचलून वापरता येत नाहीत, याचे याहून ठळक उदाहरण म्हणजे खरकटे. युरोपातल्या मॉडेलांत हॉटेलांचे उरलेले अन्न डुकरांना घालणे हा मोठा धोका मानला जातो, कारण त्यात डुकराचे मांस असते. आपल्याकडच्या खानावळीत आणि मंगल कार्यालयात ते सहसा शिजतच नाही. मग पिठले-भाकरीच्या खरकट्यातून हा विषाणू यायचा कसा? धोका आहे तो दुसरीकडे: डुक्कर कापल्यावर नाल्यात फेकलेल्या आतड्यांत, आणि मेलेले डुक्कर ओढून पुलाखाली टाकून देण्यात. डुकरे ते खातात. केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्या तिसऱ्या गटात, म्हणजे ‘हिशेबाबाहेर गेलेल्यांत’, मेलेले जनावर घालणे इथे चुकीचे ठरते. ते मेल्यावरही रोग देत राहते. त्यासाठी चौथा गट लागतो, मृत पण संसर्गजन्य. युरोपात रानडुकरांच्या साथीचा अभ्यास करणाऱ्यांनी हा गट फार गांभीर्याने घेतला. चेक प्रजासत्ताकात २०१७ मध्ये झ्लीन भागातल्या रानडुकरांत रोग शिरला, तेव्हा कुंपणाबरोबरच जंगलात मेलेली डुकरे शोधून उचलणे हा नियंत्रणाचा गाभा होता, आणि तो देश त्या वेळी या रोगातून बाहेर पडू शकला. आपल्या उन्हात मढे लवकर सडते, हा भाग अनुकूल. पण ते सडण्याआधी कुत्री आणि डुकरे त्याच्यापर्यंत पोहोचतात, आणि ज्यांनी ते तासाभरात साफ केले असते ती गिधाडे आता आपल्याकडे दिसत नाहीत.

रानडुकरांचा विषय निघाला आहे तर तोही थोडक्यात सांगतो. भुईमूग, हरभरा, तूर, ज्वारी यांत रात्री घुसणारे रानडुक्कर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवे नाही. बांधावर जुन्या साड्या ताणलेल्या असतात, परवडेल त्याच्याकडे सौरऊर्जेवरची झटका मशीन असते. उसात त्यांना वर्षभर आसरा मिळतो आणि तोड सुरू झाली की ती एका फडातून दुसऱ्या फडात पांगतात. गावालगतच्या उकिरड्यावर रानटी आणि पाळीव यांची गाठ पडते का, पडत असेल तर किती वेळा, हा आकडा आमच्या वहीत अजून कोराच आहे. २०२० मध्ये फ्रान्समधल्या इनरे या संशोधन संस्थेने याच गाठीवर एक विलक्षण खेळ मांडला होता. एक काल्पनिक बेट, त्यावर पाळीव आणि रानटी डुकरे, आणि संगणकाने पसरवलेली आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ. वेगवेगळ्या देशांतल्या मॉडेलकारांना तिची माहिती हप्त्याहप्त्याने द्यायची, जशी खऱ्या साथीत मिळते तशीच अपुरी, आणि पुढे काय होईल ते त्यांनी सांगायचे. शांततेच्या काळात हात बसवून घेण्याचा हा उद्योग मला फार आवडतो. फक्त त्या बेटावर प्रत्येक डुक्कर कुठे आहे हे संगणकाला ठाऊक होते.

उंदरांच्या मुद्द्याकडे मला यायचे आहे, आणि त्यासाठी इंग्लंडला जावे लागेल. २००१ मध्ये तिथे लाळ्या-खुरकुताची प्रचंड साथ आली. दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. रोग पहिल्यांदा दिसला तो फेब्रुवारीत, एसेक्स परगण्यातल्या एका कत्तलखान्यात आलेल्या डुकरांत. माग काढत गेल्यावर संशय पोहोचला तो नॉर्थम्बरलँडमधल्या एका वराहफार्मवर, जिथे खरकटे खाऊ घातले जात होते. तिथली डुकरे आधीपासून आजारी होती आणि मालकाने कळवले नव्हते. पुढे न्यायालयाने त्याला त्याबद्दल दोषी ठरवले. रोग जाहीर झाला त्या दिवशी तो आधीच पन्नासहून अधिक फार्मांवर पोहोचलेला होता, कारण मधल्या दिवसांत मेंढ्या बाजारांतून देशभर गेल्या होत्या. पुढे मॉडेलकारांच्या सल्ल्यावरून धोरण ठरले: रोग सापडलेल्या फार्मवरची जनावरे २४ तासांत आणि शेजारच्या फार्मवरची ४८ तासांत मारायची. शेजारच्या निरोगी जनावरांच्या कत्तलीवर पशुवैद्यकांनी कडाडून टीका केली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर मॉडेले २४ तासांबाबत बरोबर होती. विलंब हाच साथीचा खरा खुराक असतो. नकाशावरचे शेजारी मात्र रोगाचेही शेजारी असतीलच असे नाही, आणि त्या बाबतीत मी पशुवैद्यकांच्या बाजूचा आहे.

विलंबाचे गणित फळ्यावर एका ओळीत होते. समजा, बाधित ठिकाणांची संख्या दर आठवड्याला दुप्पट होते. एका ठिकाणाहून सुरुवात झाली आणि सातव्या दिवशी खबर लागली, तर दोन ठिकाणे. अठ्ठाविसाव्या दिवशी लागली, तर सोळा. विषाणू तोच, डुकरे तीच, नाला तोच. फरक फक्त कोणी कधी तोंड उघडले याचा. बीटा निम्म्यावर आणायला कुंपणे, बाजारबंदी, जंतुनाशके, माणसे लागतात. खबर आठवडाभर आधी मिळाली तर तेवढ्यानेच बाधित ठिकाणे निम्मी होतात. म्हणून मॉडेलमधले सगळे आकडे एकेक करून हलवून पाहिले, की अंतिम संख्या सर्वांत जास्त हलते ती या विलंबाने.

आणि हा विलंब विषाणूचा गुणधर्म नाही. मुंबईत माणसे मोजली जात होती आणि रोग उंदरांत होता. इथे आपण डुकरे मोजतो आणि रोगाची वाट माणसांतून जाते. पहिले डुक्कर मेले की मालकाला वाटते नेहमीचाच ताप असेल, कारण क्लासिकल स्वाइन फीव्हर आपल्याकडे जुनाच आहे आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: कानांवर लाल-जांभळे डाग, खाणे बंद, मागचे पाय लटपटणे. दोन्हींत फरक करायला प्रयोगशाळा लागते, आणि पक्का निर्वाळा भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतून येतो. परभणीहून बर्फाच्या डब्यातला नमुना निघून निकाल परत येईपर्यंतचे दिवस त्या विलंबात धरावे लागतात. पण त्याच्या कितीतरी आधीचे दिवस असतात, डुक्कर मेल्यापासून कोणालातरी सांगेपर्यंतचे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने सांगणे मालकावर बंधनकारक केले आहे. नाल्यावर त्या कायद्याचे नाव काढले तेव्हा मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

“सर, सांगितल्यावर गाडी येती. आजारी न्हेती, चांगली बी न्हेती. पैसं कवा येतील ते कुनी सांगत न्हाई. न्हाई सांगितलं तर उरलेली मी आजच इकतो. निम्म्या भावानं जातील, पर जातील.”

हा हिशेब अडाणीपणाचा नाही. उलट, माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना अपेक्षित मूल्य, म्हणजे मिळण्याच्या शक्यतेने तोललेली मिळकत, इतक्या नेमकेपणाने काढता येत नाही. रोगाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली डुकरे मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवायची, अशी आपल्या देशातली आखणी आहे. मारलेल्या जनावरांच्या भरपाईचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. आधीच मेलेल्या डुकराचे मात्र मालकाच्या हाती काही लागत नाही. म्हणजे लवकर सांगणाऱ्याला जास्त मिळायला हवे, आणि कागदावर तसे आहेही. मामांच्या हिशेबात भरपाईची रक्कम दुय्यम आहे. तिचा उशीर आणि तिच्याबद्दलची अनिश्चितता मुख्य आहे. आज निम्मा भाव रोख, आणि कधीतरी पूर्ण भाव कदाचित, यांतले पहिले निवडणे कोणत्याही व्यापाऱ्याने केले असते. त्यात पडेल भावाने विकलेली डुकरे दुसऱ्या तालुक्यात जातात, आणि एक किलोमीटरचे वर्तुळ मागे रिकामेच राहते. पालिकांच्या डुक्करपकड मोहिमांतही हेच होते: कंत्राटदाराची गाडी भरून डुकरे जातात, आणि पुढे कोणत्या गावात उतरली याची नोंद, निदान आम्ही शोधली तिथे तरी, सापडली नाही.

त्यामुळे आमच्या मॉडेलमध्ये आता एक असा आकडा आहे जो कोणत्याही विषाणूशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही: पहिले डुक्कर मेल्यावर दर दिवशी मालक खबर देईल याची शक्यता. ती स्थिर नाही. भरपाई किती दिवसांत हाती पडते, मागच्या वेळी शेजाऱ्याला काय अनुभव आला, आणि त्या दिवशी बाजारात डुकराला काय भाव होता, यांवर ती बदलते. लम्पीच्या वेळी, २०२२ मध्ये, गायी-बैलांबाबत मराठवाड्यात लोक स्वतःहून दवाखान्यात धावत आले होते, कारण तिथे लस होती आणि जनावर वाचण्याची आशा होती. सांगितल्याने जनावर वाचत असेल तर माणूस सांगतो. इथे सांगितल्याने ते हमखास मरते.

विद्यार्थ्यांची नवी प्रश्नावली यावरच बेतली आहे. तीत रोगाबद्दल एकही प्रश्न नाही. भरपाई आठ दिवसांत मिळणार असेल तर कळवाल का, महिन्याने मिळणार असेल तर, सहा महिन्यांनी मिळणार असेल तर. डुकरामागे किती रुपये मिळाले तर आज विकण्याऐवजी थांबाल. आणि खबर कोणाला द्याल, दवाखान्याला, ग्रामपंचायतीला की समाजातल्या एखाद्या मोठ्या माणसाला. या शेवटच्या प्रश्नाचा पर्याय मामांनीच वाढवायला लावला. त्यांचे म्हणणे होते की दवाखान्याची पायरी चढायच्या आधी वस्तीतली माणसे पंचांना विचारतात, तेव्हा तुमचा फोन नंबर पंचांकडे ठेवा.

पंचांचे नंबर आम्ही घेतो आहोत. त्यांतले काही जण विचारतात की डुकरांचा हिशेब कॉलेजला कशाला हवा, आणि त्यांना उत्तर देताना मी मुंबईच्या उंदरांपासून सुरुवात करतो.